वाट बघणाऱ्याचा चहा

काकूंच्या घरात जिन्याखाली एक लोखंडी घडीची खुर्ची असायची. ती उघडलेली दिसली की समजायचं, भाड्याला उशीर झाला. पंचवटीत भाजीबाजारामागच्या बोळात त्यांचं दोन मजली घर. खाली काकू एकट्या, वरच्या खोलीत मी भाड्याने. भाडं पाच तारखेच्या आत. पहिल्याच महिन्यात सहा तारखेला सकाळी खाली उतरले, तर खुर्ची जिन्याच्या तोंडाशी मांडलेली, तिच्यावर कुणी नाही आणि शेजारच्या स्टुलावर वाफाळता चहा. "जरा अंग चोरून जा गं," काकू आतून म्हणाल्या. "ह्यांना पाय लांब करून बसायची सवय आहे." मी अंग चोरून गेले. का गेले, ते द्वारका चौकातल्या ऑफिसात पोहोचेपर्यंत मला कळलं नाही.

काका जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. भाडं थकलं की ते ह्याच खुर्चीवर बसून भाडेकरूची वाट बघायचे आणि असेच एकदा वाट बघताना बसल्या बसल्या गेले. भाडेकरूने येऊन पैसे पुढे केले, तर घ्यायला कुणी नव्हतं. काकू हे सगळं मेथी निवडताना सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "काम अर्धवट राहिलं की माणसाला यावं लागतं."

मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते. तिथे ट्रक वेळेवर सुटायचे, पगार नाही. दहा तारखेला भाडं दिलं, तर काकूंचा हात पुढेच.

"दोनशे अजून. पाच दिवसांचा चहा. दिवसाला दोन कप, वीसप्रमाणे."

मी मुळातच भांडकुदळ. देवळ्याला कांद्याच्या लिलावात वडिलांच्या मागे उभी राहून वाढलेली. "काकू, करारात लेट फी नाही," मी म्हटलं.

"लेट फी कोण मागतंय? वाट बघणाऱ्या माणसाला चहासुद्धा विचारायचा नाही का?"

"टपरीवर दहाला मिळतो."

"ते पाणी. ह्यांना आलं आणि गवती चहा लागतो."

"आणि पितं कोण? मांजर?"

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी रिकामा कप नळाखाली धुतला आणि पायरीवर पालथा घातला. घरात उष्टा कप क्षणभर राहिलेला त्यांना खपत नसे. "पुढच्या वेळी बसून बघ," एवढंच म्हणाल्या. दोनशे मी दिले नाहीत.

पुढच्या महिन्यात पगार पुन्हा लांबला. शनिवारी संध्याकाळी काकू चहा ठेवून आरतीला गेल्या आणि मी हट्टाने तिसऱ्या पायरीवर बसले. बोळात अजून उजेड होता, रिक्षांचे हॉर्न वाजत होते. खुर्चीच्या बैठकीची नवार मध्ये खोलगट झालेली दिसली. जुनी आहे, ताणली असेल, असं मी स्वतःला समजावलं. चहावर साय धरली. मग साय एका कडेला गोळा झाली आणि चहा हळूहळू उतरायला लागला. एक बोट, दोन बोटं. कप जागचा हललासुद्धा नाही. शेवटी दाराशी काकूंच्या चपला वाजल्या आणि नवार सावकाश वर आली, बसलेलं माणूस उठावं तशी.

"बघितलंस?" काकूंनी विचारलं.

"मागचे धरून किती झाले?" मी म्हटलं.

वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "लय डोकं नको लावू. मालक मेला तरी मालकच हे. भाडं टायमावर देत जा." मी तेच केलं. उसने घेऊन का होईना, तीन तारखेलाच पैसे द्यायला लागले. खुर्ची बाहेरच्या दारामागे घडी होऊन पडली. आपण जिंकलो असं मला वाटत होतं.

पण काकू मिटत चालल्या. वेणी दोन-दोन दिवस तशीच. गवती चहाची कुंडी सुकली. एकदा विचारलं, "हल्ली पगार वेळेवर होतो का गं?" मी हो म्हटलं. "बरं झालं," असं म्हणाल्या, पण मी काहीतरी वाईट बातमी सांगावी तसा चेहरा. दाराशी थांबून हळूच म्हणाल्या, "एखाद्या महिन्याला उशीर झाला तरी चालेल हो." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःची लाज वाटली.

पुढच्या सहा तारखेला पैसे पर्समध्ये असताना मी म्हटलं, "काकू, पगार नाही झाला." त्या जवळजवळ धावतच खुर्ची आणायला गेल्या. संध्याकाळी परतले, तर इस्त्रीची साडी नेसून काकू जिन्याखाली बसून बोलत होत्या. मेथी महागली, नळाला पाणी कमी येतं, असलंच. मध्ये मध्ये थांबत होत्या, कुणीतरी उत्तर द्यावं इतकंच. मी पायांचा आवाज न करता वर गेले. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त बरं वाटलं. नऊ तारखेला भाडं आणि चहाचे पैसे दिले, तर चहाचे त्यांनी परत केले. "ह्या वेळचा माझ्याकडून." त्यानंतर एक महिना आड माझा पगार नेमाने लांबायला लागला.

गेल्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. खालच्या घराला कुलूप लागलं. बाहेरगावच्या पुतण्याचा मेसेज आला: भाडं फोनवर पाठवा, पाच तारखेनंतर दिवसाला शंभर रुपये दंड. मी लिहिलं, "दिवसाला चाळीस ठरलेत. दोन कपांचे." त्याने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. त्याच्याशी मी अजून भांडतेच आहे.

त्या महिन्यात मी मुद्दाम भाडं पाठवलं नाही. सहा तारखेला सकाळी जिन्याखाली खुर्ची उघडली. आलं, गवती चहा घालून चहा केला आणि कप स्टुलावर ठेवला. दारापर्यंत गेले आणि थांबले. परत वर जाऊन माझी प्लास्टिकची खुर्ची आणली, शेजारी मांडली, दुसरा कप भरून ठेवला. बाहेरच्या दाराला कुलूप घातलं. त्याची एकुलती किल्ली माझ्याकडेच होती.

संध्याकाळी आले, तर दोन्ही कप पायरीवर होते, धुऊन पालथे घातलेले.