मंजुरीच्या रांगेत

एका दिवाळीच्या साफसफाईत मी माझ्या ब्लॉगवरची सगळी अडगळ काढून टाकली आणि त्या अडगळीबरोबर माझ्या धाकट्या जावेनं वर्षभर लिहिलेलं सगळं गेलं. न वाचता गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी स्वतःची बरीच टिंगल करणार आहे, आणि टिंगल करून सुटायची मला जुनी खोड आहे.

त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. शाळेतून नुकती निवृत्त झालेली, गणिताची बाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्यामुळे आपली चूक होऊ शकते ही कल्पनाच डोक्यात नाही. मुलीनं संगणक घेऊन दिला तर मी महिन्याभरात ब्लॉग काढला, आणि कर्जतमधल्या ओळखीपाळखीच्या समस्त बायकांना त्याचा पत्ता कळवला. वालाचं बिरडं, तांदळाचे पानगे, आजेसासूबाईंच्या हातची निनावं, असं लिहीत होते. बायका वाचत होत्या आणि बाजारात भेटल्या की तोंडावर कौतुक करत होत्या. तिथंच थांबायला हवं होतं.

पण तो ब्लॉग फुकटातला होता. पत्त्याला त्या कंपनीच्या नावाचं लांबलचक शेपूट. कर्जतच्या भिसेगावात स्वतःचं घर असलेल्या बाईनं इंटरनेटवर दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकावी, हे मला खुपायला लागलं. मग मी स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं आणि पोथ्यापुस्तकांसह नव्या घरी राहायला गेले. खरं तर तेही भाडंच. फरक एवढाच, की फुकटच्या ओसरीवर झाडलोट मालक करायचा आणि इथं ती माझ्या गळ्यात आली. आज हे अपडेट करा, उद्या ते जुनं झालं, परवा पासवर्ड बदला. होस्टिंग घेताना रोजच्या बॅकअपची एक चौकट होती, तिच्यात आधीच बरोबरची खूण होती. थाळीबरोबर न मागितलेला पापड परत करावा तशी मी ती खूण काढून टाकली. आठवड्याचा एक बॅकअप तसाही मिळत होता. माझ्या बिरड्याला तेवढा पुष्कळ झाला, असं मी म्हटलं.

नव्या घरात पहिल्याच आठवड्यात फेरीवाले शिरले. पानग्यांच्या लेखाखाली इंग्रजीत बुटांच्या जाहिराती, निनावांखाली सांगता येणार नाही असली औषधं. मी तातडीनं सेटिंग बदललं: माझ्या मंजुरीशिवाय एकही प्रतिक्रिया दिसणार नाही. वर्गात माझ्या परवानगीशिवाय कुणी तोंड उघडत नसे, त्यामुळे ही सोय मला फारच आवडली. प्रत्येक प्रतिक्रियेची सूचना मेलवर यायची, ती इनबॉक्स घाण होतो म्हणून बंद केली. पहिले काही दिवस मंजुरीची रांग रोज तपासली, मग कधीतरी तपासली, मग रांग आहे हेच विसरले.

आता जावेबद्दल. माझे दीर मोहोपाड्याजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात होते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना आजारपणात गेले. आमच्या घरात गेलेल्या माणसाबद्दल बोलायची पद्धत नाही. वर्षश्राद्धाला त्याला आवडणारे पदार्थ करायचे आणि पानावर बसलं की “मीठ बरोबर आहे ना” एवढंच विचारायचं. त्यामुळे जाऊ काही बोलली नाही, आणि आम्ही तिला काही विचारलं नाही. मुलं नोकरीसाठी बाहेरगावी, त्यामुळे ती मोहोपाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची, सणावाराला इकडे यायची, पोळ्या लाटायची आणि जायची.

त्या थंडीत मी पोपटीवर लेख लिहिला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मग मडकं उपडं करून भोवती जाळ. शेवटी एक वाक्य होतं, की आमच्याकडे पोपटी दिरांनीच लावावी, बाकीच्यांनी नुसतं शेकत बसावं. दोन दिवसांनी जावेचा फोन आला.

“वहिनी, पोपटीखाली मी थोडं लिहिलंय. वाचाल?”

वाचते म्हटलं. घरात पाहुणे होते. आठवड्यानं तिनं पुन्हा विचारलं, वाचलंत का. मी भाजी परतत होते. “वाचलं की. छान लिहिलंस,” म्हटलं. खोटं बोलतेय असं वाटलंसुद्धा नाही. विद्यार्थ्यांच्या पालकांना मी असली ‘छान’ पोतंभर वाटलेली होती.

ती लिहीत राहिली. नेहमी त्या पोपटीच्या लेखाखालीच. मध्येच कधी फोनवर सांगायची, की काल पुन्हा थोडं लिहिलं. मी म्हणायचे, छान. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, विषय संपला.

मंजूर न झालेली प्रतिक्रिया जगात कुणाला दिसत नाही, पण जिनं लिहिली तिला तिच्या फोनवर दिसत राहते. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं, की ही मंजुरीच्या रांगेत आहे. तसली बारीक इंग्रजी ओळ फोनवर कुठंही असतेच, ती काय कुणी वाचतं? तिनंही वाचली नाही. ती समजत होती, सगळं आहे तिथं आहे, आणि मी समजत होते, वहिनी वाचतायत असंच तिला वाटतंय.

दिवाळीआधी होस्टिंगवाल्यांचा मेल आला, की तुमची जागा भरत आली आहे, मोठा प्लॅन घ्या नाहीतर साफसफाई करा. साफसफाई हा शब्द त्या दिवसांत मला कुणी सांगायला नको. माळ्यावर आमचे हे चढले होते आणि एकेक डबा खाली दाखवून विचारत होते, “हा टाकायचा का ठेवायचा?” फुटक्या कंदिलासाठीसुद्धा विचारत होते. मी खाली टेबलाशी बसून ओरडत होते, की विचारत काय बसता, वर्षभर लागलं नाही ते टाका. आणि तोच नियम लावून मी ती रांग उघडली.

रांग म्हणजे काय, बाजार होता. बूट, औषधं, घड्याळं, पानामागून पान. वर एक चौकट असते, तिच्यावर टिचकी मारली की अख्खं पान निवडलं जातं. मग काढून टाका. पुढचं पान. मध्ये मध्ये मराठीही होतं, पण यंत्रानं केलेलं. ‘आपला लेख अत्यंत माहितीपूर्ण गुणवत्ता आहे’ अशा थाटाचं. त्यामुळे मराठी दिसलं म्हणून मी थांबत नव्हते.

एका पानावर मला ‘मडकं’ हा शब्द दिसला.

दिसला होता. नाही असं मी स्वतःला कितीतरी वेळा समजावून पाहिलंय. बूट विकणाऱ्या यंत्राला मडकं कुठून सुचणार, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि बहुतेक आलंही होतं. पण हात बसला होता, लय लागली होती, आणि कचरा काढताना बाईला जी एक धुंदी चढते ती चढली होती. ते पान गेलं. शेवटी टोपलीही रिकामी केली. ब्लॉग सर्रकन उघडायला लागला. मी समाधानानं उठून चकलीची भाजणी भिजवायला घेतली.

भाऊबीज होऊन बरेच दिवस झाल्यावर तिचा फोन आला. “वहिनी, माझं लिहिलेलं दिसत नाहीये. फोन बिघडला का माझा?”

मला त्या क्षणी सगळं कळलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? “अगं, कंपनीच्या सर्व्हरचा घोळ आहे. बघते मी.” ज्या कंपनीनं काही केलं नव्हतं तिच्या नावावर मी बिनदिक्कत पावती फाडली.

मग धावाधाव. त्यांना लिहिलं, दिवाळीआधीचा बॅकअप द्या. नम्र उत्तर आलं, की तुमच्या प्लॅनमध्ये फक्त शेवटचा बॅकअप ठेवला जातो, आणि तो मागच्या आठवड्याचा आहे. म्हणजे माझ्या झाडून लख्ख केलेल्या घराचा फोटो त्यांनी जपून ठेवला होता. मेलवरच्या सूचना मीच बंद केल्या होत्या. जुना फुकटचा ब्लॉगही उघडून पाहिला, जणू ती चुकून तिकडे गेली असेल. तिथं पानगे होते फक्त.

आज माझी नात मला हसते. रोजचा बॅकअप आहे, शिवाय एक पेनड्राइव्ह वालाच्या डब्यात आणि दुसरा मुलीकडे. प्रतिक्रियांची रांग सकाळी चहाआधी बघते, बुटांच्या जाहिरातीसुद्धा पुऱ्या वाचूनच उडवते. “आजी, तुझ्या बिरड्यावर कोण दरोडा घालणार आहे?” असं नात विचारते. मी म्हणते, दरोडेखोराची भीती नाही गं मला, घरच्या बाईची आहे.

पण तेव्हा मला फक्त जावेला तोंड दाखवायचं होतं. फोनवर जमेना, म्हणून एसटीनं चौक गावाला उतरले, तिथून रिक्षानं मोहोपाडा. वाटभर वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात कंपनी येत होती. पिशवीत चकल्यांचा डबा, म्हणजे लाच.

तिनं चहा टाकला. मी सर्व्हर, बॅकअप असलं काहीबाही बोलले आणि परत मिळत नाहीये म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, जाऊ दे, यंत्रच ते. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ती खुर्ची ओढून समोर बसली.

“तुम्ही तर वाचलंय ना सगळं. मग सांगा मला, काय काय लिहिलं होतं मी? लिहून झालं की माझ्या डोक्यातून निघून जायचं.”

मी सांगायला लागले. हो, खरंच लागले. पोपटी झाली का बघायला ते मडक्यावर पाणी शिंपडायचे, ते लिहिलं होतंस, म्हटलं. ती मान डोलावून म्हणाली, “बरं. आणि?” आणि कारखान्यातून आले की अंघोळ केल्याशिवाय मुलांना जवळ घ्यायचे नाहीत, ते. “बरं. आणि?” मी माझ्याच आठवणीतले दीर काढून तिच्या पुढ्यात मांडत होते, तिचे म्हणून. दुसऱ्या ‘आणि’ला माझ्याकडे काही उरलं नाही. इतकी वर्षं एका घरातला माणूस, आणि मला एवढंच ठाऊक होतं. चहावर साय धरली होती. मी तिच्याकडे न बघता सांगून टाकलं, की मी एक अक्षर वाचलं नव्हतं, कंपनीचा घोळ नव्हता, मीच सगळं काढून टाकलं, आणि काढताना ‘मडकं’ दिसलं तरी थांबले नाही.

तिनं डब्यातली एक चकली मोडली. मग एक तुकडा तोंडात टाकून ती म्हणाली:

“वाचत नाही हे मला ठाऊक होतं, वहिनी. सुरुवातीलाच एकदा मी तुमच्याविषयी लिहिलं होतं, आणि चांगलं नव्हतं लिहिलं. वाचलं असतंत तर संध्याकाळच्या आत भांडायला आला असतात. तुम्ही म्हणालात, छान लिहिलंस. मग मी विचारायचं सोडलं आणि मोकळेपणानं लिहायला लागले, तिथं कुणी येत नाही म्हणून. ह्यांच्याशी भांडलेसुद्धा तिथं. आता पुन्हा लिहायला बसले तर तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचाल, हीच पंचाईत झाली बघा.”