वायरमनची चित्रं

"ही भाषा नाही. ही वायरमनची चित्रं आहेत."

साहेब हसत बोलला आणि मी फळ्यावर काढलेलं सगळं त्यानं डस्टरनं पुसून टाकलं. बारा-पंधरा जण बसलेले.

वाळूजच्या एका कारखान्यात मी कंत्राटावर मेन्टेनन्सला होते. आयटीआय झालेली, करमाडकडच्या बौद्ध वस्तीतली. पत्रा दाबायच्या आमच्या जुन्या प्रेस ज्या भाषेवर चालायच्या तिला लॅडर म्हणतात. शिडीच ती. दोन उभ्या रेघा, मधी पायऱ्या. प्रेससमोरची जाळी बंद आहे का, दोन्ही हात बटनावर आहेत का, अशा अटी पायरीवर मांडायच्या. सगळ्या जुळल्या तरच प्रेस खाली येते. मशीन अडली की स्क्रीनवर दिसतं, कुठल्या अटीला अडली. मला ते वाचायला चाचांनी शिकवलं. चाचा म्हणजे प्रेसवरचे जुने ऑपरेटर, सिल्लोडचे. शिक्षण सातवी.

प्रेसची नवी लाईन येणार होती. तिचा प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहायचा, यावर ती मीटिंग. साहेब पुण्याहून नवीनच आलेला इंजिनिअर. त्याला त्याची कॉलेजातली भाषा पाहिजे होती.

मी म्हणले, "सर, तुमची भाषा चांगलीच आहे. रिपोर्ट तिच्यात करा. पण प्रेस लॅडरवर ठेवा. मशीन अडते तेव्हा तुम्ही तिथं नसता, आम्ही असतो."

त्यानं मला वरून खाली पाहिलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा, कोट्यातून. मग बरोबर. चित्रंच झेपणार."

सगळे हसले. चाचापण हसले.

साहेबाचं बोलणं मी गिळलं. चाचांचं हसू गिळता येईना. मी खाली बसले. आणि लाज याची वाटते की थोड्या वेळानं साहेब म्हणाला, "ताई, चहाचं बघा जरा," तर मी उठले. गेले.

लाईन त्याच्याच भाषेत सुरू झाली. मी साहेबाकडं प्रोग्राम बघायला मागितला. "ते तुमचं काम नाही."

दिवाळीनंतर एका दुपारी नवी प्रेस अडली. स्क्रीनवर नुसतं 'एरर'. का अडली, कोणालाच वाचता येईना. साहेब फोन उचलेना. सुपरवायझर बोंबलत होता, माल अडलाय, माल अडलाय. चाचांनी जाळी उघडून अडकलेला पत्रा काढायला हात घातला. त्याच वेळी सुपरवायझरनं रीसेट दाबलं. जुनी प्रेस असती तर जाळी उघडी असताना हललीच नसती.

ही खाली आली.

उजव्या हाताची तीन बोटं.

दवाखान्यात चाचा भिंतीकडं तोंड करून पडलेले. तसंच म्हणाले, "बेटी, उस दिन मैं क्यूं हंसा, मेरेकू बी नै मालूम. सब हंसे तो हंस दिया." मला रडूसुद्धा येईना. त्यांच्या पायाशी बसून राहिले.

आठवड्यानं साहेबानं केबिनमधी बोलावलं. बसायला खुर्ची दिली. कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं: कामगारानं नियम मोडून जाळी उघडली. प्रोग्राममधी दोष नव्हता. मेन्टेनन्सनं तपासलं. खाली माझं नाव टाईप केलेलं.

"मॅडम, सही करा. तुमचं पर्मनंटचं मी बघतो."

ताईची मॅडम झाले होते. चाचांच्या बोटांवर.

"आधी प्रोग्राम दाखवा," मी म्हणले.

"तुम्हाला तो कळणार नाही."

"मग सही पण होणार नाय."

दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना. सही त्यांना दुसऱ्या कोणाची तरी मिळाली. कागदावर चूक चाचांची लागली. आता चाचा डाव्या हातानं जेवतात. मी गेले की उजवा हात रुमालाखाली घेतात.

कामगार न्यायालयात चाचांची केस उभी आहे. मी साक्षीदार. घरचे म्हणतात, गप बस, अख्ख्या वाळूजमधी कोणी उभं करणार नाय तुला. खरंय. नाय करणार. तरी मी प्रत्येक तारखेला जाणार. त्या प्रेसमधी कुठली अट लिहायची राहिली आणि कोणी ती बघू दिली नाय, हे नाव घेऊन सांगणार. तो कागद खोटा आहे. तो खोटा ठरेपर्यंत मी गप बसणार नाय.