तळघरातली चौकडी आणि एक वन्स मोअर

डेट्रॉइटजवळ ट्रॉयला घर घेतलं तेव्हा शेजारी कोण राहतं याची चौकशी आम्ही केली, तर एजंटबाई म्हणाल्या, "व्हेरी क्वाएट कपल." कसलं क्वाएट! पहिल्याच शनिवारी दुपारी मी परसात मेथी पेरत होते, आणि शेजारच्या तळघराच्या बुटक्या खिडकीतून दोन व्हायोलिनं, व्हायोलिनची थोराड बहीण असते ती व्हायोला, आणि एक खर्जातला चेलो असा चौघांचा आवाज बाहेर आला. मी खुरपं टाकलं आणि सरळ कुंपणाला जाऊन उभी राहिले. आगाऊपणा माझ्यात जन्मजात आहे, त्याला इलाज नाही.

चेलो वाजवणारे गृहस्थ साठीचे, मोटारीच्या कारखान्यात साचे बनवण्याच्या कामावर. व्हायोला त्यांच्या बायकोची. व्हायोलिनवाले दोघे सख्खे भाऊ, एक शाळेत संगीत शिकवणारा, दुसरा दातांचा डॉक्टर. चौघंही लिथुएनियाचे. दुसऱ्या महायुद्धात पोरवयात घर सोडून पळाले, जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत एकमेकांना भेटले आणि तिथेच मागून आणलेल्या वाद्यांवर वाजवायला लागले. देश मागे रशियाच्या पोटात गेला, ही चौकडी मात्र डेट्रॉइटला येऊन टिकली. माझ्या मुलीनं त्यांना आठवड्याभरात चेलोकाका आणि काकू करून टाकलं. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, पण आज मला ते सगळं मराठीतच आठवतं.

त्यांची एक रीत मी कुंपणावरून शिकले. नवीन काही बसवायला घेतलं की आधी ते सगळं इतकं हळू वाजवायचे की तळघरातल्या फ्रीजची घरघर वरचढ व्हावी. मला वाटलं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. "छे," चेलोकाका म्हणाले, "शेजाऱ्याचा विचार आम्ही कधीच केला नाही. हळू वाजवलं की बाकीचे तिघं ऐकू येतात. ज्याला बाजूचा ऐकू येत नाही, तो स्वतः फार जोरात वाजवतोय असं समजायचं." हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळाच्या कमिटी मीटिंगमध्ये मुद्दाम ऐकवलं. कुणावर काडीचाही परिणाम झाला नाही.

चाळीसेक वर्षं ते वाजवत होते. चर्चच्या हॉलात, लग्नांत, मयतांत, शिकागोला, क्लीव्हलंडला. सगळीकडे समोर त्यांचीच माणसं. एकदा मी म्हटलं, "काका, केवढं प्रेम करतात तुमची माणसं तुमच्यावर!" त्यावर त्यांनी कुंपणावर कोपर टेकलं.

"प्रेम करतात, खरंय. आम्ही पहिला सूर लावला की रडायला लागतात. त्यांना घर दिसतं, आई दिसते. पण रडणारा माणूस सूर ऐकत नाही, गं. आम्ही चांगलं वाजवतो का, हे मला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. एकदा परक्या माणसांपुढे वाजवायचंय. ज्यांना आमच्याबद्दल काही म्हणजे काही वाटत नाही, अशांपुढे."

आणि त्याला वेळ फार उरला नव्हता. डाव्या हाताची बोटं सांध्यांत सुजून वाकडी व्हायला लागली होती. त्या वर्षी जवळच्या कॉलेजच्या हॉलनं चौकडीला एक रविवार दिला, तेव्हाच काकांनी बाकीच्यांना सांगून टाकलं की यानंतर चेलो बंद. काकू हे मला सांगताना खिडकीबाहेर बघत होत्या. पुढे म्हणाल्या, "आणि तिकिटं घेतायत ती पुन्हा आमचीच माणसं."

माझं डोकंच फिरलं. परकी माणसं हवीत? एवढंच ना! आमच्या मंडळाइतकी परकी माणसं अख्ख्या मिशिगनात मिळाली नसती. मी फोनला बसले. "रविवारी मॅच आहे, यार," म्हणणाऱ्याला "व्हिडिओवर रेकॉर्ड कर" असं सुनावलं. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सगळे गोळा केले. माझ्या नवऱ्यानं पार्किंग लॉटमध्ये सगळ्यांना उभं करून तंबी दिली: "हे बघा, चार भाग असतात. मधे टाळ्या नाहीत, वाहवा नाही, मान हलवायची तर हळू. सगळं संपलं की मगच काय ते." सगळ्यांनी शाळेतल्यासारख्या माना डोलावल्या.

कार्यक्रमात त्यांच्याच देशातल्या एका संगीतकाराची रचना होती. तिचा दुसरा, संथ भाग मला तळघराच्या खिडकीतून पाठ झाला होता. काकूंनी मला तो समजावून दिला होता. त्यांच्याकडे खेड्यात बायका जुनी गाणी अशी म्हणतात की एकीचा सूर दुसरीच्या अगदी लगतचा. दोन्ही सूर एकमेकांना घासतात, कानाला आधी टोचतं, मग त्या टोचण्यातच काहीतरी लखलखायला लागतं. दोघींपैकी कुणी हटायचं नाही. "संसारच की हा," मी म्हटलं, आणि काकू खळखळून हसल्या. त्या भागात हे लगतचे सूर व्हायोला आणि चेलोकडे होते, म्हणजे बायकोकडे आणि नवऱ्याकडे.

पहिला भाग झकास झाला. दुसरा सुरू झाला. दोघं भाऊ मागे सरून नुसता आधार द्यायला लागले, काकूंनी सूर लावला, काकांनी त्याच्या लगतचा लावला, आणि दोन्ही चढत चढत वर निघाले. अगदी वर, जिथे ते सगळ्यांत जास्त घासायला हवेत, तिथे काकांचं बोट ढळलं. त्यांचा सूर घसरला आणि जाऊन पडला तो थेट काकूंच्या सुरात. घासणं संपलं. ऐकायला गोड लागलं, हीच तर पंचाईत. हॉलात कुणाला काही चुकल्याचं कळलंही नसेल. मला कळलं. काका गज ओढत राहिले, भाग शेवटापर्यंत नीट गेला, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. एवढा जन्म तळघरात घासून शेवटी परक्या माणसांपुढे नेमकं हेच व्हायचं होतं?

ठरल्याप्रमाणे आमच्यातल्या कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या भागासाठी ते पानं उलटायला लागले.

मी सांगलीची. संगीत नाटकांवर वाढलेली. आमच्याकडे पद आवडलं की नटाला सोडायचेच नाहीत, नायक मरून पडलेला असला तरी उठवायचे. तो बिचारा उठून पद म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. माझे वडील त्यात पटाईत. आणि ते फक्त आवडलं म्हणून ओरडत नसत. एखाद्या नव्या पोरीचा आवाज वर जाऊन चिरकला, की हटकून ओरडायचे, म्हणजे तिला पुन्हा म्हणायला मिळावं.

मी उठून उभी राहिले आणि घसा फोडून ओरडले, "वन्स मोअर!"

देवा रे! सगळा हॉल मागे वळला. नवऱ्यानं माझी बाही धरून खाली ओढली. मुलगी "आई, प्लीज! ओ माय गॉड!" म्हणत खुर्चीत बुडाली. लाज? मला अजिबात वाटली नाही. आणि मागच्या रांगेतून आमच्या नागपूरच्या डॉक्टरकाकांचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" मग काय विचारता, पार्किंग लॉटमधली तंबी गेली उडत. पुण्याची माणसं, जी एरवी कुणाला सुखासुखी वाहवा देत नाहीत, तीसुद्धा ओरडायला लागली.

स्टेजवर दोघं भाऊ गोंधळून एकमेकांकडे बघत होते. काकांनी हळूच गज खाली केला होता. तेव्हा काकूंनी काही न बोलता पान मागे उलटलं, व्हायोला हनुवटीखाली घेतली आणि नवऱ्याकडे बघत मोठ्यानं श्वास घेतला. त्यांची सुरुवात करायची खूणच ती.

या वेळी त्यांनी तो भाग हळू घेतला, तळघरातल्यासारखा, इतका हळू की आम्ही सगळे पुढे वाकून बसलो. दोन्ही सूर वर निघाले. काकांचं वाकडं बोट त्या जागी आलं आणि थांबलं. काकूंच्या सुराला लागून, पण त्यात नाही. घासत, टोचत दोन्ही सूर तिथे राहिले. कुणीही हटलं नाही.

नंतर लॉबीत कॉफी होती. त्यांच्या माणसांच्या गराड्यातून वाट काढत चेलोकाका सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. रागावलेत की काय, कळेना.

"तू रडलीस?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "मी ऐकत होते. पहिल्यांदाही ऐकलं आणि दुसऱ्यांदाही."

पहिल्यांदाचं मला कळलं होतं, हे त्यांना कळलं.

"मग सांग," ते म्हणाले.

"दुसऱ्यांदा चांगलं वाजवलंत, काका. फार चांगलं वाजवलंत."

त्यांनी मान हलवली, आणि मग तो एवढा थोरला माणूस तिथेच, कॉफीच्या टेबलाला धरून, रडायला लागला.