शब्दशोधाचा शेवटचा भाग

“भाऊचं डोक्सं शेवटी शेवटी चालतच नोतं. तो शेवटचा भाग तं अमरावतीच्या सरायनंच लिवला. दोस्तीखातर नाव भाऊचं देल्लं.”

माझ्या दिवंगत मित्राच्या धाकट्या भावाने वर्षश्राद्धाच्या पंगतीत, माझ्या समोर बसून, हे सांगितलं. अमरावतीचे सर म्हणजे मी. आता अकोल्यात हेच सांगितलं जातं. या विधानात मित्राचा अपमान आहे आणि माझा गौरव. मला चीड गौरवाची अधिक येते, कारण अपमान त्या गौरवाच्याच खांद्यावर उभा आहे.

मित्र आणि मी अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकवत होतो, एकाच खोलीत बसत असू. निवृत्तीनंतर तो अकोल्याला घरी गेला आणि धारणीकडच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी कोरकू-मराठी शब्दकोशाचा प्रोग्राम लिहू लागला. शब्द भरून झाले होते, शोध घेण्याची सोय तेवढी उरली होती. ती त्याने आजारपणात, उशीला टेकून लिहिली. पण लिहिलेल्या फाइलींतून चालणारा प्रोग्राम घडवायला, म्हणजे बांधायला घेतला की मशीन एकच सांगे : शोधाचा भाग मला सापडत नाही. भाग तर समोर फाइलमध्ये लिहिलेला दिसत असे. तो वाचायचा, पुन्हा बांधायचा, आणि पुन्हा तेच उत्तर.

त्याने मला फोन केला नाही. यात मला नवल वाटत नाही. त्याच्या जागी मीही केला नसता. आम्हा दोघांनाही विचारण्याची सवय नव्हती, सांगण्याची होती.

तो गेल्यावर काही महिन्यांनी शिक्षकांकडून विचारणा झाली. धाकट्या भावाने त्याच मशीनवर खटपट केली, तीच चूक पाहिली आणि भावाचं डोकं चालत नव्हतं असा निष्कर्ष काढला. मग मित्राच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन आला. मी बडनेऱ्याहून गाडी धरली.

मशीन त्याच्या खाटेजवळच्या टेबलावर होतं, वर पांढरं फडकं. वहिनींनी ते स्वतः काढलं.

“भाऊजी, एक सांगा मले,” त्या म्हणाल्या. “ते रोज म्हनत, मी लिवलं का नाई लिवलं, मलेच समजून नाई राहिलं. जाताना खरंच त्यायचं डोक्सं गेलं होतं काय?”

त्यांना प्रोग्रामशी कर्तव्य नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं. मलाही दुसरं काही नको होतं.

मी बांधणीची आज्ञा दिली. तीच चूक आली. धाकटा भाऊ मागे उभा होता. “पाहा सर, म्हनलं नोतं? भाऊनं नुसतं भास झाल्यासारखं लिवलं असंन.”

“चूक वाचलीत. तिच्याखालची ओळ वाचलीत का?”

“ते तं वॉर्निंग हाये. वॉर्निंग कोन वाचते?”

खरं आहे, कोणी वाचत नाही. जुन्या प्रोग्रामांत त्या इतक्या येतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो. मित्राचाही घसरला असणार. त्या ओळीचा अर्थ होता : घड्याळात तफावत आहे, बांधणी अपुरी राहिली असेल.

मी मशीनचं घड्याळ पाहिलं. ते कित्येक वर्षं मागे होतं. आतली लहानशी बॅटरी संपलेली. लाइन गेली की घड्याळ मशीनच्या जन्मकाळावर, म्हणजे कारखान्यातल्या तारखेवर, जाऊन बसे. घरात इंटरनेट नव्हतं, ते सुधारणार कोण? आणि बांधणी चालते तारखांवर. लिहिलेली फाइल नवी आणि तिच्यापासून आधी तयार केलेला तुकडा जुना असेल, तरच मशीन तो तुकडा नव्याने घडवतं. मित्राची रीत अशी की आधी हाक लिहायची, म्हणजे शोधाला बोलावणारी ओळ, आणि मग ओ देणारा, म्हणजे शोधाचा भाग. हाक त्याने घड्याळ ठीक असताना लिहिली. शोधाच्या फाइलीत ओ लिहिली ती बॅटरी संपल्यावर. तिच्यावर जुन्या वर्षाची तारीख पडली. मशीनने समजूत करून घेतली की या फाइलीत नवं काही नाही, आणि आधीचाच तुकडा पुढे केला. त्यात ओ देणारं कोणी नव्हतं.

सगळे जुने तुकडे पुसून मुळापासून बांधलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. पुण्याचा कोणीही प्रोग्रामवाला तेच आधी करील. आम्ही करत नव्हतो. लोडशेडिंगच्या वर्षांत आमच्या कितीतरी बांधण्या लाइन गेल्याने अर्ध्यावर मेल्या; तेव्हापासून तयार झालेला तुकडा पुसणं आम्हाला शिजलेलं अन्न टाकण्यासारखं वाटे. जे बदललं तेवढंच बांधायचं, हा आमचा नेम. तो नेमाने वागला आणि नेमानेच फसला. त्याच्या बुद्धीत काहीही बिघडलं नव्हतं.

मी घड्याळ बरोबर केलं, जुने तुकडे पुसले, आज्ञा दिली. प्रोग्राम बांधला गेला. शोधात ‘पाणी’ टाकलं. ‘डा’ हा कोरकू शब्द समोर आला.

वहिनींना मी सांगितलं, त्याने लिहिलेलं बरोबर होतं, पहिल्यापासून.

त्या आनंदल्या नाहीत. त्यांनी फडक्याची घडी केली. मग म्हणाल्या, “मंग त्यायले हे सांगाले कोनीच नोतं काय?”

याचं उत्तर कोणी दिलं तर मी ऐकून घेणार नाही.

पंगतीत मी धाकट्या भावाला तिथेच टोकलं. तो हसला. “सर, मोठेपना काहून नाकारून राहिले? लोकं तं हिसकून घेतात.”

“माझा असता तर मीही हिसकावला असता,” मी म्हटलं.

लोकांनी हा विनय मानला. मी आयुष्यात विनय केलेला नाही. म्हणून सांगतो. मशीन अजून त्याच टेबलावर आहे, ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहावं. घड्याळ मी आधी बरोबर केलं होतं. त्यानंतर शोधाच्या फाइलीत मी एक अक्षर जरी बदलून ठेवलं असतं, तरी तिच्यावर माझ्या त्या दिवसाची तारीख पडली असती. तिच्यावर आजही त्या मागे पडलेल्या घड्याळाचीच तारीख आहे, आणि त्या तारखेला ते मशीन त्याच्या घरात आलेलंच नव्हतं.