चांगुणामावशींनी मागवलेलं कानाचं यंत्र

चांगुणामावशी तिसगावात आमच्या शेजारी राहतात. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, पण ज्या रानात त्या असत तिथे हशा असायचा. त्यांचे यजमान कोंडीराम विहिरी खोदायच्या कामावर होते. सुरुंगांच्या आवाजाने त्यांचे कान हळूहळू गेले. शहाण्णव साली तर मागून हाक मारली तरी मान वळेनाशी झाली. कोणी घरी आलं की ते उठून परसात जायचे. समोरच्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावायची त्यांना लाज वाटे.

"यशोधरा, घरात दोन मानसं हायेत आन् मी कोंबड्यांशी बोलती," मावशी मला एकदा म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

तेव्हा वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर जाहिराती यायच्या. पोट कमी करायचा पट्टा, टकलावरचं तेल आणि त्यांच्याच शेजारी कानाचं यंत्र. 'घरबसल्या मागवा, पसंत नसल्यास परत.' सातवीतल्या माझ्या प्रज्ञाने ती जाहिरात मावशींना वाचून दाखवली आणि मला न विचारता पोस्टकार्डही लिहून टाकलं. कळलं तेव्हा मी ती जाहिरात पाहिली. पत्ता म्हणून नुसता पोस्ट बॉक्सचा नंबर होता. दुकान कुठलं, रस्ता कुठला, काही नाही. प्रज्ञाला मी रागावले. आज मावशी, उद्या या पोरीलाच कोणी गोड बोलून फसवलं तर, हे डोक्यातून जाईना.

"अगं, परत घेतो म्हनून छापलंय त्येनं," मावशी म्हणाल्या. "बाजारात खराब माल निघाला तर म्होरल्या बाजारी बदलून देत्यात का न्हाई?"

"मावशी, बाजारातल्या माणसाला पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसायचं असतं. याला कुठे बसायचंय?"

"लई शिकलीस, म्हनून लई भेतीस."

पार्सल व्हीपीने आलं. पोस्टमन कानिफनाथ दारातच म्हणाला, "आधी पैसे, मावशी. फोडून दाखवता येत न्हाई, नियमच हाय." पैसे घेतल्यावर तो थांबला मात्र. त्याच्यासमोरच उघडा, असं मीच म्हटलं होतं.

आत एक डबी, एक वायर आणि कानात घालायचं गुलाबी बोंडूक. कोंडीरामांनी ते मोठ्या आशेने कानात बसवलं.

"येतंय का ऐकू?" मावशींनी विचारलं.

"व्हय, व्हय!"

"घराला आग लागलीय."

"व्हय, व्हय!" कोंडीराम हसून मान हलवत राहिले. बायकोने हौसेने मागवलं होतं, तिचं मन मोडवेना त्यांना. कानिफनाथने डबी उघडली. ती आतून पोकळ होती.

मावशी चिडल्या नाहीत. यंत्र फडक्यात बांधलं आणि सोबत शेंगदाण्यांची पुरचुंडी ठेवली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कुनाची वस्तू परत करताना मोकळी धाडतेत व्हय?"

पार्सल काही दिवसांनी जसंच्या तसं परत आलं. वर शिक्का होता, की या पत्त्यावर कोणी नाही. "शेंगदाने तेवढे खरे निघाले," कानिफनाथ म्हणाला. मावशी पुरचुंडी सोडत म्हणाल्या, "त्यो मेला जाऊ दे. ह्यांच्या कानाचं काय करायचं, सांग."

मी दोघांना घेऊन नगरला गेले. दवाखान्यात कान तपासले. डॉक्टर म्हणाले, यंत्राने फरक पडेल, पण ते कानाला लावून बघूनच घ्या. मग अशा दुकानात गेलो, जिथे पाटीवर मालकाचं नाव होतं आणि आधी यंत्र लावून बघता येत होतं.

दुकानदाराने यंत्र बसवून विचारलं, "ऐकू येतंय का, बाबा?"

"व्हय, व्हय!"

मावशी पुढे झाल्या. "ह्यांच्या व्हयवर जाऊ नका, दादा. माझं मन राखायला व्हयच म्हनत्यात. मला मागं उभी राहू द्या."

त्या कोंडीरामांच्या पाठीमागे गेल्या. शेजारणीच्या कानात सांगावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "धाकल्या भावजींनी बैल इकला."

कोंडीराम गर्रकन वळले. "कवा? आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. दुकानदार उगाच बिलाचं पुस्तक शोधू लागला.

परतीच्या एसटीत ती दोघं माझ्या पुढच्या बाकावर होती. मावशी बोलत होत्या. कोणाची लेक नांदायला गेली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोण कोणाशी भांडलं, वर्षानुवर्षांचं साठलेलं. कोंडीराम मध्येच "आँ? खरं?" म्हणत होते. करंजी घाटात गाडी हळू झाली तसा मावशींचा आवाज सगळ्या गाडीत घुमू लागला.

"अगं, हळू बोल की," कोंडीराम म्हणाले. "समदी गाडी ऐकतीय."

"ऐकू द्या," मावशी म्हणाल्या आणि पुढचं सांगू लागल्या.