‘बरी हाय’ म्हणजे किती बरी?

शालन गायकवाड फोनवर बोलायला लागली की माझ्या खोलीचं दार लावून काही उपयोग नसायचा, कारण ती दाराच्या आतच बसलेली असायची. मी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ. पोटातल्या आणि आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठींच्या पेशंटांनी काय खावं, काय खाऊ नये, हे सांगायचं माझं काम. खोली एवढीशी. त्यात २००४ साली डॉक्टर पटवर्धनांनी एक टेबल, एक फोन आणि ही बाई आणून बसवली. मला विचारलं वगैरे नाही. आमच्या शनिवार पेठेत भाडेकरू ठेवतानासुद्धा घरातल्यांना विचारतात.

शालनचं आयुष्य फोनजवळच गेलं होतं. नवरा रामदास पोलिओमुळे एका पायाने अधू, म्हणून त्यांना एसटीडी बूथ मंजूर झाला होता. येरवड्यात, घराच्या पुढच्या खोलीत. रामदास तिथेच मागे रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करत, बूथ शालन सांभाळायची. यवतमाळ, वाशीमकडून कामाला आलेली पोरं, पुढे कल्याणीनगरात काचेच्या इमारती उठल्या तेव्हा तिथले सुरक्षारक्षक आणि कॉम्प्युटरवाले, सगळे तिच्या बाकड्यावर आपापली पाळी येईपर्यंत बसून राहायचे. मग मोबाईल आले, इनकमिंग फुकट झालं आणि बाकडं रिकामं पडलं.

बूथवर बसणाऱ्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं, पण कानांना झाकण थोडंच असतं? त्यातून शालनचं एक ठाम मत झालं होतं. ती मला म्हणाली, “हेमाताई, फोनवर माणूस आधी ‘सगळं बरं आहे’च म्हणतो. मीटर पळत असतो ना! खरं काय ते ठेवता ठेवता सांगतो. ‘बरं, ठेवू का? आणि हो, बाबा काल पडले.’” म्हणून हॉस्पिटलातल्या फोनवरही समोरच्याने “ठेवतो” म्हटलं तरी ती रिसीव्हर कानालाच धरून बसायची. मला तेव्हा हा आगाऊपणा वाटला.

डॉक्टर पटवर्धनांना एका प्रश्नाने झपाटलं होतं. बाहेरच्या देशांत दिसलं होतं की औषध तेच, उंची-वजनाच्या हिशेबाने तेवढंच, तरी बायकांना त्याचा त्रास जास्त होतो. जुलाब होतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी उतरतात. पण काही गाठींमध्ये याच बायका पुरुषांपेक्षा जास्त काळ जगतातही. असं का? नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. आपल्याकडे काय होतं ते बघू, असं डॉक्टरांनी ठरवलं, आणि औषधाच्या गोळ्या घेऊन घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला फोन करून विचारपूस करायचं काम शालनला मिळालं.

मी समोरच बसलेली, त्यामुळे हा कार्यक्रम रोजचा. पुरुष पेशंटला फोन लागला की मजा यायची. सदाशिव पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. शालनने विचारलं, “सर, संडासला कशी होते?” पलीकडून उत्तर आलं, “थांबा, हिला देतो.” मग ती ‘ही’ जी सुरू व्हायची! सकाळपासून किती वेळा गेले, पातळ की कसं, वरणभात निम्मा टाकला, दही दिलं तर तोंड भाजतं म्हणाले, कालपासून चिडचिड चाललीय आणि वर्तमानपत्रसुद्धा नीट वाचत नाहीत. स्वतः मुख्याध्यापकांना विचारलं असतं तर त्यांना यातलं निम्मंही सांगता आलं नसतं. नवऱ्याच्या पोटाची सगळी खबर बायकोकडे.

पेशंट बाई असली की फोन नवरा उचलायचा आणि तो झटक्यात संपायचा. “कशी आहे तब्येत?” “बरी आहे.” झालं.

काही महिन्यांनी डॉक्टर लॅपटॉप घेऊन आमच्या खोलीत आले. चेहरा असा, की लहान मुलाला रस्त्यात काहीतरी सापडलंय. म्हणाले, “हेमाताई, आपल्याकडे चित्र उलटं दिसतंय. आपल्या बायकांना त्रास पुरुषांपेक्षा कमी. पुष्कळच कमी. काय असेल? खाण्यात काही असेल का? हळद? ताक?” खाण्याचं नाव निघाल्यावर मीही फुशारले. ताकावर मी अर्धा तास बोलू शकते आणि त्या दिवशी बोलले.

डॉक्टर गेल्यावर शालन म्हणाली, “हेमाताई, पुरुषांचं बायका सांगतायत आणि बायकांचं पुरुष सांगतायत. मग आपण तपासतोय कुणाला?”

मी ताकाचं बंद केलं.

तिच्या डोक्यात हिरा होती. मांजरी गावची हिरा, चाळिशीची, मोठ्या आतड्यातली गाठ काढलेली. गोळ्यांची पहिली फेरी होऊन दुसरी चालू होती. नवरा ज्ञानदेव टेम्पोने भाजी मार्केट यार्डात पोचवायचा. घरात मोबाईल एकच, तो त्याच्या खिशात. शालनने माझ्यासमोरच त्याला पुन्हा फोन लावला. मागे हॉर्न आणि हमालांचा आरडाओरडा.

“बरी हाय ओ ताई. सैपाक करतीय. काय काळजी न्हाई.”

“तुम्ही कुठे आहात?”

“यार्डात.”

“मग ती बरी आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हंजे? सकाळी इचारलं की मी तिला. बरी हाय म्हनली.” पुढे तो म्हणाला, “ठेवू का मग?” शालनने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. मग पलीकडून आवाज आला, “आनि ताई, ती जरा वाळल्यावानी दिसतीय. पन ते औषीदानं हुत असंल, न्हवं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि शालनला मागे बसवलं. रजा टाकली नाही. आहारतज्ज्ञाने पेशंटचं स्वयंपाकघर बघायला जाणं हे माझ्या मते कामच होतं आणि कुणी विचारलं असतं तर तसं सांगितलंही असतं.

हिरा चुलीपुढे होती. हॉस्पिटलातून गेली तेव्हाची ही बाई नव्हेच. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. शालनने विचारलं, “हिराताई, तब्येत कशी आहे?” ती हसून म्हणाली, “बरी हाय. बसा, च्या टाकते.” कोपऱ्यात तिची सासू सोजरबाई लसूण सोलत होती. तीही म्हणाली, “बरी हाय की. समदं काम करतीया.”

शालनने माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडचा प्रश्न संपला होता. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. नव्या पेशंटला आम्ही नेहमी विचारतो तोच.

“काल काय काय केलं होतं जेवायला?”

हिराचा चेहरा खुलला. “सकाळी मेथी, भाकरी, यांच्या डब्याला चपाती. सांजला पिठलं, भात, आत्याबाईंना मऊ खिचडी.”

“त्यातलं तुम्ही काय खाल्लं?”

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. चहाचं आधण उकळत राहिलं. मग खाली बघत म्हणाली, “च्यात बेकरीचं बटर बुडवून खाल्लं एक. तोंड समदं सोललंय, तिखट लावून घेत न्हाई. आनि खाल्लं की लगीच परसाकडं पळाय लागतंय. म्हनून खातच न्हाई.”

“कधीपासून?”

“गोळ्या चालू झाल्यापासनं.”

“अगं, मग बोलली का नाहीस?” शालन एवढ्या मोठ्याने म्हणाली की सोजरबाईच्या हातातला लसूण पडला. हिराला राग आला नाही. ती म्हणाली, “त्यांना काय सांगायचं, ताई? सकाळच्या पारी गाडी घिऊन जायाचं असतं. डोक्यात घोर घिऊन हायवेला गाडी हाकायची का मानसानं? त्यांनी इचारलं की बरी हायच म्हनायचं.”

मला इतका संताप आला, की कोणावर काढावा तेच कळेना. ज्ञानदेववर काढावा, तर तो बिचारा रोज विचारत होता. हिरावर काढावा, तर तिला नवऱ्याचीच काळजी.

गोळ्या तिथेच बंद करायला सांगून आम्ही तिला रिक्षात घातलं आणि सरळ हॉस्पिटलात आणलं. अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं, की डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर गाठीतून वाचवलेली बाई जुलाबाने गेली असती. सलाईन लावलं. ज्ञानदेव टेम्पो तसाच टाकून आला. बाहेरच्या बाकावर बसून रडत होता आणि शालनला एकच सांगत होता, “मी रोज इचारत हुतो ओ ताई. रोज.” शालन त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, “मला माहीत आहे. मीसुद्धा तेच विचारत होते.”

त्यानंतर आमच्या खोलीतली फोनची पद्धत बदलली. घरातला मोबाईल घरी कधी असतो ते शालन आधी विचारून घ्यायची आणि तेव्हाच फोन करायची. बाई पेशंट असेल तर बाईच फोनवर हवी. “कशी आहे तब्येत” हा प्रश्न बंद. काल काय केलं होतं, आणि त्यातलं तुम्ही काय खाल्लं? बायका पहिल्या प्रश्नाला हौसेने उत्तर द्यायच्या आणि दुसऱ्याला अडखळायच्या. त्या अडखळण्यात सगळं असायचं.

डॉक्टर पुन्हा लॅपटॉप घेऊन आले. “हे काय? बायका अचानक आजारी कशा पडल्या?” आम्ही सांगितलं. ते माझ्या स्टुलावर टेकले. मग त्यांनी भाषणासाठी केलेली ताकाची स्लाईड आमच्यासमोरच पुसली आणि विचारलं, “पण मग यातला शरीराचा फरक किती आणि घराचा किती? हे वेगळं कसं काढायचं?” शालन म्हणाली, “ते तुम्ही काढा. मी फोन लावते.” त्या प्रश्नावर ते दोघं पुढे कित्येक दिवस वाद घालत होते, आणि मला माझ्याच खोलीत जेवायला शांतता नव्हती.

हिराच्या गोळ्या काही दिवसांनी परत सुरू झाल्या, कमी मात्रेत. शेवटच्या फेरीत शालनने मांजरीला फोन लावला. संध्याकाळची वेळ, टेम्पो घरी आलेला. ज्ञानदेवने उचलला. शालनने तोंड उघडायच्या आत तो सवयीने म्हणाला, “बरी हाय ओ ताई.”

मागून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग हिराचा आवाज, मलासुद्धा टेबलापलीकडून स्पष्ट ऐकू आला.

“आना तो फोन हिकडं. माझं मी सांगते.” आणि मग जवळून, ठणठणीत आवाजात, “ताई, मला बरं न्हाई. कालपास्नं पोट बिघडलंय. उद्या दावायला येऊ का?”

शालनने डोळे पुसले आणि म्हणाली, “शाब्बास, हिराताई. उद्या कशाला? आत्ताच या.”