घड्याळाच्या मते मी झोपले होते

पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या मुलाने दिवाळीला दोन घड्याळं आणली, मनगटावर बांधून झोपायची. एक मला, एक त्याच्या वडिलांना. माझ्या जुन्या मोबाइलवर त्याचं ॲप चालेना, म्हणून त्याने दोघांचीही खाती वडिलांच्याच मोबाइलमध्ये उघडून दिली. म्हणजे मी रात्री कशी झोपले, हे सकाळी आधी माझ्या मिस्टरांना कळणार आणि मग मला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण माझी झोप त्याआधीच गेली होती. पन्नाशी ओलांडली आणि रात्री अंगातून वाफा निघायला लागल्या, छाती धडधडायची, आणि एकदा जाग आली की उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बायकांचं असतंच ते, असं म्हणून लोक विषय बदलतात. म्हटलं, आता मी नाही सांगितलं तरी घड्याळ सांगेल.

जागी असताना मी हलत नाही. ही सवय फार जुनी. लग्न झालं तेव्हा आम्ही दोन खोल्यांत राहायचो, बाहेरच्या खोलीत सासरे, आतल्या खोलीत आम्ही आणि मुलगा. मिस्टर नाशिकला सातपूरच्या कंपनीत, पहिली पाळी असली की पहाटे उठायचे. मी कूस बदलली तरी त्यांची झोप मोडायची आणि मग दिवसभर चिडचिड. तेव्हापासून मी पडल्या जागी दगडासारखी पडून राहायला शिकले. पुढे इंदिरानगरात फ्लॅट झाला, मोठा पलंग आला, मुलगा बाहेर गेला, तरी अंग तसंच राहिलं.

पहिल्या सकाळी चहा ठेवत होते तेव्हा हे मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. "तुझा झोपेचा स्कोअर शंभरात शहाऐंशी," म्हणाले. "उत्तम लिहिलंय. आणि माझा बघ, बावन्न."

मी हसले. यंत्र नवीन आहे, शिकेल हळूहळू, असं म्हणाले.

ते शिकलं नाही. मी जेवढी जास्त जागी, न हलता पडलेली, तेवढे माझे गुण चांगले. सगळी रात्र छताकडे बघत काढली त्या दिवशी तर त्याने चांदणीचं चित्र पाठवून माझं अभिनंदन केलं. ह्यांचे गुण मात्र वर येईनात. हे उशीला डोकं टेकतात आणि घोरायला लागतात, ते सकाळपर्यंत. तरी सकाळी पन्नासच्या आसपास. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. संध्याकाळचा चहा बंद केला, खिडकीला जाड पडदा लावून घेतला, जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी वाढवली. रिटायर होऊन वर्षच झालं होतं. सगळी नोकरी त्यांनी क्वालिटी खात्यात काढली, हातात गेज घेऊन. मापात बसलं तर पास, नाही तर बाजूला. माणूस काय म्हणतो याला त्या खात्यात किंमत नसते, आणि तिथे ते बरोबरही असेल.

मग माझं कौतुक सुरू झालं. नणंदेचा फोन आला की हे सांगायचे, हिला बघ, पडली की झोपली. मुलगा मेसेज करायचा, आई, तू तर टॉपर. मी म्हणायची, अरे मी जागीच असते. त्यावर तो हसण्याचं चित्र पाठवायचा.

एका सकाळी मी ह्यांना नीट समोर बसवून सांगितलं. तुम्ही रात्रभर घोरता. मध्येच श्वास अडकतो, घोरणं एकदम थांबतं, मी मनात मोजत राहते, आणि मग हिसका देऊन पुन्हा सुरू होतं. मला भीती वाटते. डॉक्टरला दाखवू या.

ह्यांनी ऐकून घेतलं, मोबाइल उघडला, माझं पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यात गडद निळ्या रंगाचा मोठा पट्टा होता.

"तुला कसं कळणार?" ते म्हणाले. "तू तर गाढ झोपेत होतीस."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. ते मला समजावत होते, स्वप्न पडून घाबरलेल्या पोराला समजवावं तसं. एवढ्या वर्षांत आमच्यात भांडणं झाली, माझं चुकतंय असं ते अनेकदा म्हणाले. पण मी जागी होते की झोपले होते, ही एवढी गोष्ट तरी मला विचारून ठरवतील, असं मी धरून चालले होते.

नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. हे सोबत आले, मीच म्हटलं होतं चला. मी सांगायला सुरुवात केली, झोप लागत नाही, डोकं जड राहतं, हातातलं काम विसरते. मी बोलत असतानाच ह्यांनी टेबलावरून मोबाइल पुढे सरकवला. डॉक्टरांनी बोटाने दोन-तीन पानं वर ढकलली आणि म्हणाले, ताई, हे तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. कधी कधी आपल्याला वाटतं की झोपलो नाही. प्राणायाम करा, विचार कमी करा. कागदावर एक टॉनिक लिहून दिलं. परत येताना रिक्षात हे खूश होते, काही निघालं नाही म्हणून. मी बाहेर बघत बसले. मी त्यांना सोबतीला नेलं होतं आणि ते माझ्या विरुद्ध पुरावा घेऊन आले होते.

मी घराखालच्या गाळ्यात ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. पंधरा-सोळा वर्षं झाली. लग्नसराईत माझ्याकडे पैठण्यांचे ब्लाउज येतात आणि ते मी मदतनीस मुलीच्या हातात देत नाही, स्वतः कापते. त्या हिवाळ्यात एका नवरीच्या आईने जांभळ्या पैठणीचं कापड आणून दिलं, साडीबरोबरचंच, त्यामुळे दुसरं मिळणार नाही. पैठणीच्या ब्लाउजला जरीचा काठ बाहीच्या खालच्या कडेला यावा लागतो, दंडावर दिसतो तो. मी माप घेतलं, खडूने आखलं, कात्री चालवली आणि उचलून बघते तर दोन्ही बाह्या उलट्या. काठ वर खांद्याकडे घेतला होता आणि मुंड्याच्या गोलाईत तो मधोमध कापला गेला होता. मी खुर्चीत बसून राहिले. अशी चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती.

बाईंना बोलावून खरं ते सांगितलं. त्या रागावल्या, साहजिकच होतं. असं कसं झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, गेले कित्येक महिने मला झोप नाही, हात भलतीकडे जातात. हे तेव्हा गाळ्यातच होते, ट्यूबलाइटची पट्टी बदलायला आलेले. स्टुलावरून उतरले, हसले, आणि त्या बाईंना म्हणाले, "नाही हो, झोप छान आहे तिची. हे बघा." आणि मोबाइल दाखवला.

त्या बाईंनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खोटी सबब सांगतेय असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याशी काय भांडणार? भरून देते, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, तुम्ही असं का केलं. त्यांना खरोखर कळलं नाही. तुझी तब्येत खराब आहे असं गिऱ्हाइकांत पसरलं तर काम कमी होईल, म्हणून बोललो, असं म्हणाले. शिवाय जे आहे तेच दाखवलं की.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने येवल्याला गेले. तिथे एका विणकराकडे जांभळ्याच्या जवळ जाणारं काठाचं कापड मिळेल असं कळलं होतं. खिडकीशी बसले, गाडी नाशिकच्या बाहेर पडली, आणि मला झोप लागली. कित्येक दिवसांनी अशी झोप. विंचूरच्या पुढे शेजारच्या आजींनी दंडाला हात लावून उठवलं, बाई, उतरायचं कुठं तुला. माझं तोंड उघडं पडलं होतं, पदरावर लाळ आली होती. कापड मिळालं, अगदी तसं नाही, पण बाईंना चाललं. घरी येऊन पाणी पीत होते तोवर हे मोबाइल बघून म्हणाले, आज किती चाललीस तू, टार्गेट पूर्ण केलंस. गाडीचे हिसके त्या घड्याळाने पावलं म्हणून धरले होते. झोपेच्या खात्यात काही नव्हतं. मी आत जाऊन घड्याळ काढलं आणि कपाटात टाकलं. ह्यांनी कारण विचारलं नाही. चार्जिंगला लावलं असेल असं त्यांना वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या झोपले. सिग्नल लाल होता, गाडी उभी होती, म्हणून वाचले. स्कूटर त्यांच्यासकट आडवी झाली. लोकांनी उचललं. गुडघा आणि कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. पण हे घाबरले. झोपेच्या विकारांचे म्हणून एक डॉक्टर गंगापूर रोडला बसतात, त्यांच्याकडे नंबर लावला. मी सोबत गेले.

तिथेही हे मोबाइल काढायला लागले. त्या डॉक्टर बाईंनी तो हाताने बाजूला केला, उद्धटपणाने नाही, नुसता बाजूला. आणि माझ्याकडे वळल्या. "शेजारी तुम्ही झोपता ना? मग तुम्ही सांगा. श्वास थांबतो का यांचा?"

मी म्हणाले, थांबतो. रोज. किती वेळ, असं त्यांनी विचारलं. कधी इतका की मी उठून हलवायच्या बेतात येते. सुरू होताना कसं, गुदमरल्यासारखं का? हो, तसंच. पाठीवर झोपल्यावर जास्त की कुशीवर? पाठीवर. त्या लिहून घेत होत्या. मग मान वर करून त्यांनी विचारलं, तुम्हाला हे सगळं इतकं नीट कसं माहीत?

"मी जागी असते," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

तपासणी झाली. हे एक रात्र दवाखान्यात झोपले, अंगाला वायरी लावून. मी सांगितलं होतं तेच निघालं. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून रात्रभर घोरूनही त्यांना विश्रांती मिळत नव्हती. म्हणजे ह्यांच्याबाबतीत घड्याळ खरं होतं आणि सुरुवातीला मला जे वाटायचं, की हे मजेत झोपतात, ते चूक होतं. हे मी मान्य करते. आता हे नाकावर मास्क लावून झोपतात, उशाशी छोटं यंत्र असतं. घोरणं गेलं. दुपारच्या डुलक्या गेल्या. रंगही सुधारला.

मुलाला फोनवर हे अभिमानाने सांगत होते, आईने पकडलं रे, डॉक्टर पण चकित झाल्या. मी भाजी निवडत ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, मी तर हे तुम्हाला केव्हाच सांगितलं होतं.

"अगं, पण त्यात तसं दिसत नव्हतं ना," ते म्हणाले.

"त्यात मी नव्हते. मी तुमच्यासमोर होते."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, चुकलं माझं. त्यांना ते मनापासून वाटलं, हे मला दिसत होतं. पण मला काही बरं वाटलं नाही. आधी त्यांनी घड्याळावर विश्वास ठेवला, मग डॉक्टर बाईंवर. त्या बाईंनी मला विचारलं नसतं तर ह्यांच्या लेखी मी आजही गाढ झोपेतच असते.

माझ्या झोपेसाठी मी नंतर एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, नको. त्यांनी आग्रह केला नाही, गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. फरक आहे. आठवड्यातल्या काही रात्री चांगल्या जातात, काही नाही. मी मुलाच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागले आहे. ह्यांच्या यंत्राच्या आवाजाने जाग येते असं कारण सांगितलंय. आवाज तसा फार नाही त्याचा.

सकाळी चहाच्या वेळी हे आता विचारतात, झोप लागली का? मोबाइल तेव्हा हातात नसतो, मुद्दाम बाहेर ठेवून येतात. कधी मी नीट सांगते, कितीला जाग आली, परत लागली की नाही. कधी नुसतं हो म्हणते आणि कप पुढे करते. ते मान हलवतात आणि माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहतात.